कानात सांगितलेले नाव

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. सानगडीच्या वाचनालयात मागच्या खोलीत एक मोडके कपाट आहे, त्याच्या तळाच्या फळीवर मी पडून असतो. शेजारी एक बंद पडलेले घड्याळ, कंदिलाची तडकलेली काच आणि कुणीतरी विसरून गेलेली छत्री आहे. माझ्या अंगावर अक्षरे कोरलेली आहेत, पण ती उलटी आहेत. त्यामुळे मला हातात घेणारा आधी मान वाकडी करतो, मग कंटाळतो आणि मला परत ठेवून देतो. ठसा उलटाच असतो, कागदावर उमटला की सुलटा होतो, हे आता सांगायला कुणी उरले नाही.

माझ्या अंगावरचे नाव एका त्रैमासिकाचे आहे. आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीतले तलाव, शिलालेख, बोली आणि रीतिरिवाज यांच्यावर अभ्यासू माणसे त्यात लिहीत. त्या नावाचे फार कौतुक झाले. किती अर्थपूर्ण नाव शोधलेत, अशी पत्रे थेट पुण्याहून आली. पण मित्रांनो, मला नावे दोन आहेत. एक अंगावर आहे, ते सगळ्यांना दिसते. दुसरे माझ्या कानात आहे. लाकडाला कुठला आला कान, असे तुम्ही म्हणाल. जरा धीर धरा, सगळे सांगतो.

मी काही जन्माचा ठसा नव्हे. आधी मी बिजाचे झाड होतो. बिजाचे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून मला तोडून सानगडीच्या तलावासाठी आणले. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, तुम्ही पाहिली असेल. त्या पाळीच्या पोटातून खालच्या शेतांकडे पाणी सोडायची एक वाट असते, तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. त्या वाटेचे तोंड तलावाच्या तळाशी, खोल पाण्यात. त्या तोंडात घट्ट बसवलेला दट्ट्या म्हणजे मी. माझ्या डोक्याशी दोरी ओवायला एक भोक पाडलेले होते. पाऊस गेला, धान निसवायला आले आणि बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, सुकू लागल्या, की एका माणसाने बुडी मारायची, माझ्या भोकात दोरी ओवायची आणि मला उपसून काढायचे. मग पाणी पाटाने धावत सुटे आणि खालचे शेतकरी एकमेकांना हाका मारत आपापल्या बांधीकडे पळत.

बुडी मारणारा तो माणूस गावाचा जवाई होता. तो मूळचा दिघोरीचा. लग्न झाल्यावर सासऱ्याच्या घरी राहायला आला आणि इथलाच झाला. गावच्या लेकीचा नवरा तो अख्ख्या गावाचा जवाई, त्यामुळे लहानथोर सगळे त्याला जवाईच म्हणत. त्याची बायको विमलाबाई. तिने नवऱ्याचे नाव घ्यायची तर रीतच नव्हती. त्याला हाक मारायची वेळ आली की ती भांडे आपटायची, नाहीतर 'ऐकलं का' म्हणायची. त्यामुळे त्या माणसाचे खरे नाव ठेवणीतल्या धोतरासारखे घडी घातलेलेच राहिले.

त्या काळी जवाईच्या वस्तीतल्या माणसांनी तलावाच्या घाटावर भांडे बुडवलेले चालत नसे. तळाशी बुडी मारायला मात्र तोच लागे. पाण्यात इतकी वर्षे काढूनही माणसांचा हा न्याय मला कधी कळला नाही.

पण माणूस मोठा गमत्या. खाली आला की कुणाच्या घरी आल्यासारखा आधी माझ्या डोक्यावर बोटांनी टकटक करायचा आणि मग दोरी ओवायचा. वर पाळीवर विमलाबाई कडेवर लहानग्या परसरामला घेऊन उभी असायची, खांद्यावर त्याचे कोरडे धोतर. तो पाण्याखाली गेला की तीही श्वास कोंडून धरायची आणि तो वर आला की सोडायची. जवाई धापा टाकत काठावर बसे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणे, ‘‘बुडी म्या मारतो, अन् दम हिचा कोंडते! पाहा, तोंड कसं लाल झालं!’’ लोक हसत. ती पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघे. मला उन्हात पाळीवर टेकवून ठेवलेले असायचे, म्हणून हे सगळे मला दिसे.

एका वर्षी पाऊस लवकर गेला. तलाव मात्र काठोकाठ होता आणि थंडीही लवकर पडली होती. जवाईने बुडी मारली, टकटक केली, दोरी ओवली. मी निसटलो तसे पाणी एकदम वाटेत घुसले आणि त्या ओढीत त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला. मी हलका, सरळ वर आलो. मला तरंगताना पाहून काठावरची माणसे ‘‘निघाला! निघाला!’’ म्हणून ओरडली. पाटाला पाणी आले होते ना! विमलाबाईने धोतर पुढे धरले. माझ्या मागोमाग तो येईल असे तिला वाटले.

तो आला नाही. मग लोक ‘‘जवाई! ओ जवाई!’’ म्हणून हाका मारू लागले. सगळे हाका मारत होते. तिचे तोंड उघडे होते, पण आवाज येत नव्हता. ती तशीच श्वास कोंडून उभी राहिली. पुढे दोघांनी उड्या मारून त्याला वर काढले आणि माझ्या शेजारीच निजवले. त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त सांगवत नाही.

नंतर विमलाबाईने रोवणीची, कापणीची मजुरी करून परसरामला शिकवले. छप्पन साली ती वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. घरातले जुने देव तिने स्वतःच्या हाताने उचलून ठेवले. पुढे हळूहळू घाटही सगळ्यांचा झाला. पण ती त्या पाळीवर कधी फिरकली नाही. बाजाराला जायचे तर लांबच्या वाटेने वळसा घालून जाई. आणि तुडुम हा शब्द तिच्या घरात कुणी उच्चारत नसे. शेजारच्या बायाही तिच्यासमोर बोलता बोलता त्या शब्दापाशी थांबत.

सत्तरच्या पुढे तलावाला लोखंडी दार बसले आणि माझे काम संपले. गावचा वाढई, म्हणजे सुतार, केवळराम मला उचलून आपल्या अंगणात घेऊन गेला. तिथे मी लाकडांच्या ढिगात पडलो. माझ्या अंगावर कोंबड्या बसत. आज ना उद्या चुलीत जायचे, अशी मनाची तयारी मी करून ठेवली होती.

केवळरामच्या अंगणापलीकडे तेजराम कापगते सरांचे घर. मध्ये फक्त एक कुंपण. सर साकोलीच्या कॉलेजात इतिहास शिकवत. त्यांच्या पूर्वजांनीच हा तलाव बांधला होता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. मनाचा दिलदार माणूस! पण बोलू लागला की समोरचा काय म्हणतो ते ऐकायला थांबत नसे. परसराम आता सानगडीच्या शाळेत मराठीचा गुरुजी झाला होता. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. ज्या दिवसांत परसरामला लोक अंगणातच थांबवत, त्या दिवसांत तेजरामने त्याला हाताला धरून आतल्या घरात आपल्या ताटाशेजारी जेवायला बसवले होते. परसराम ते कधी विसरला नाही. पुढे तेजरामला 'नाही' म्हणताना त्याची जीभ अडखळे, ती त्यामुळेच असावी.

तर या दोघांनी त्रैमासिक काढायचे ठरवले. साकोलीचे छापखानेवाले भय्याजी छापून द्यायला तयार झाले. सगळे जुळले, नाव तेवढे जुळेना. रोज संध्याकाळी सरांच्या छपरीत बैठक बसे आणि मी लाकडांच्या ढिगातून ऐकत असे.

‘‘नाव कसं, भारदस्त पायजे,’’ भय्याजी म्हणाले. ‘‘ज्ञानसागर ठेवा.’’

‘‘भय्याजी, आपल्यातून सागर कोनं पाह्यला?’’ तेजराम सर हसले. ‘‘घरी एवढे तलाव असून सागराकडे कायले जाऊन राहिले तुमी?’’

मग शोधदीप आले, वैनगंगा आले, आणखी कितीतरी आले. सरांना एकही पसंत पडेना. नाव आपल्या मातीतले हवे, बाजारातली बाईसुद्धा रोज बोलते असे हवे, आणि त्यात आपल्या कामाचा सगळा अर्थ हवा, असा त्यांचा हट्ट होता. एका संध्याकाळी ते एकदम उठून उभे राहिले.

‘‘सापडलं! तुडुम!’’ ते म्हणाले. ‘‘तलाव भरून हाये, पन तुडुम खोललं नाही तर खालच्या धानाले त्याचा काय उपेग? आपल्या लोकाईजवळ केवढं जुनं ज्ञान साचून पडलं हाये. ते बांध्याबांध्यात सोडाचं, हेच आपलं काम. सांगा, याच्यावर नाव हाये का?’’

भय्याजींनीसुद्धा मान डोलावली. परसराम मात्र हळूच म्हणाला, ‘‘तेजराम, पाळ कसं वाटते? पाळ बी आपलाच शब्द हाये.’’

‘‘पाळ अडवते रे! आपल्याले अडवाचं नाही, सोडाचं हाये,’’ सर म्हणाले. ‘‘अन् असं पाह्य, तुडुम म्हटलं का तुह्या बापाची आठवन निघन. त्याचं स्मारकच होईन हे.’’

‘‘मायले इचारून पाह्यतो एकडाव.’’

‘‘अरे, इचारतं काय! बारसं करू आपन. पाळन्यात घालू अन् आत्याच्याच तोंडून नाव सांगू. बारशाच्या आंधी नाव कोनी फोडते का?’’

विमलाबाई गावची लेक, म्हणून सगळे गाव तिला आत्या म्हणे. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचे असते, तेव्हा सरांना ही कल्पना फारच गोड वाटली. परसरामने एकदा तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मित्रांनो, तो तेव्हा बोलला असता तर! पण सरांच्या डोळ्यांत इतका आनंद होता, की त्याच्याच्याने तो मोडवला नाही.

नाव आधी सरकारकडे पाठवावे लागते. ते गेले आणि मंजूर होऊन आले. दरम्यान सरांना केवळरामकडून कळले, की तुडुमाचा जुना दट्ट्या त्याच्याच अंगणात पडला आहे. मग काय विचारता! कुंपण ओलांडून ते स्वतः आले आणि कोंबड्या हाकलून त्यांनी मला उचलले. ‘‘याच्याच आंगावर कोर नाव!’’ ते केवळरामला म्हणाले. ‘‘अन् हे दोरीचं भोक तसंच राहू दे. अस्सल वाटते.’’ परसरामला त्यांनी हे मुद्दामच सांगितले नाही. गंमत करायची होती ना!

केवळरामने मला कापले, रंधा मारला आणि अक्षरे उलटी कोरली. पटाशी लागताना दुखले, पण खोटे कशाला बोलू, मी हरखूनही गेलो होतो. चुलीत जायच्या ऐवजी मी विद्वानांच्या टेबलावर जाणार होतो.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. ती आटोपली आणि बारसे ठरले. तेजराम सरांच्या बायकोने, उषाबाईने, आपली मुले ज्यात निजली तो पाळणा काढून झेंडूच्या माळा बांधल्या. मला धुवट फडक्यात गुंडाळून आत ठेवले. कुणीतरी कुजबुजले, की विधवेच्या हाताने कशाला? उषाबाईने तिथल्या तिथे ऐकवले, ‘‘माह्या पोट्ट्याईले न्हाऊ-माखू तिनंच घातलं. तवा चाललं, अन् आता काय झालं?’’

विमलाबाई स्वच्छ धुतलेले लुगडे नेसून आली. केस पांढरे झाले होते, पण बोलणे तसेच खट्याळ. ‘‘काय वं उषाबाई, पुस्तकाचं बारसं कधी आयकलं का? लेकरू गेलं कोनावर? रडते का निजते?’’ बाया हसल्या. ती पाळण्यापाशी बसली आणि दोरी धरून हलकेच झोके देऊ लागली. आपल्या लेकाच्या हातून काहीतरी मोठे होत आहे, याचा आनंद तिच्या झोक्यात मला कळत होता. इतके आनंदी मी तिला पाळीवर पाहिले होते, त्यानंतर नाही.

तेजराम सर वाकले आणि तिला हळूच म्हणाले, ‘‘आत्या, नाव तुडुम ठेवलं. सांग आता कानात.’’

झोका थांबला. तिने फडके बाजूला केले. वाचता तिला येत नव्हते, अक्षरांकडे तिने पाहिलेच नाही. तिचे बोट माझ्या डोक्याकडच्या भोकावर आले आणि तिथेच राहिले.

‘‘हे लाकूड कोठचं व्हय, तेजराम?’’

‘‘तेथचंच, आत्या! मुद्दाम ठेवलं!’’ सर कौतुकाने म्हणाले.

तिने परसरामकडे पाहिले. तो माझ्याकडेच बघत होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. त्याने मान खाली घातली. ती पाळण्यावर वाकली. मित्रांनो, वाकताना तिने श्वास कोंडला. तो कोंडलेला श्वास मी बरोबर ओळखला. तिने त्या भोकाशी तोंड नेले आणि मला नाव सांगितले. माझा कान तो हाच.

कानात नाव सांगितले की बाया आत्याच्या पाठीत गमतीने धपाटे घालतात. तशा त्या हात उगारून पुढे आल्या आणि हात तसेच राहिले, कारण तिची पाठ थरथरत होती.

‘‘आत्या, मोठ्यानं सांग ना वं!’’ मागून कुणीतरी म्हणाले.

‘‘सांगतलं म्या,’’ ती उठत म्हणाली. ‘‘ज्याले सांगाचं त्याले सांगतलं. तुमाले काय छापाचं ते छापा.’’ आणि ती चालू लागली. ‘‘आत्याचं मन भरून आलं,’’ असे म्हणून सरांनी नाव जाहीर केले, टाळ्या पडल्या आणि घुगऱ्या वाटल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसराम छपरीत आला. मी अजून पाळण्यातच होतो.

‘‘ते नाव बदला,’’ तो म्हणाला. ‘‘माय सांजपावतर घरी आली नाही. पाळीवर जाऊन बसली होती, तुडुमाच्या वरतं. इतक्या वरसात कधी गेली नाही, अन् काल गेली. राती जेवली नाही, बोलली नाही.’’

‘‘परसराम, मंजुरी आली हाये. जाहिरात झाली,’’ सर म्हणाले. ‘‘अन् शब्दाचा काय गुन्हा? तुह्या बापाचा मानच केला आपन.’’

‘‘तुमच्या आजानं तलाव बांधला. तुमाले त्या शब्दात मान दिसते. माह्या मायले काय दिसते, ते तुमी इचारलं नाही.’’

‘‘तू तरी इचारलं का?’’

परसराम जायला वळला. मग म्हणाला, ‘‘येतो, सर.’’ त्याने तेजरामला सर म्हटल्याचे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. सरांनाही ते लागले असणार. पण ते ताठ माणूस, उठून मागे गेले नाहीत.

पहिला अंक माझ्या छापाने निघाला. छापखान्यात माझ्यावर रूळ फिरला, शाई लागली, कागद येऊन टेकला आणि उचलला, तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःला सुलटा पाहिला. पुढे पत्रे आली. भय्याजी ती कामगारांना मोठ्याने वाचून दाखवत. नाव म्हणजे काय असते हे या मंडळींकडून शिकावे, असे एका जाणत्या माणसाने लिहिले होते. सगळे खूश. मीही खूश व्हायला हवे होते. पण संपादकांच्या जागी एकच नाव होते. परसरामने आपले नाव काढून घेतले होते. आयुष्यभर गोळा केलेला बोलीतल्या शब्दांचा संग्रह त्या त्रैमासिकात क्रमाने यायचा होता. तो त्याच्या पेटीत राहिला.

काही वर्षे मी असाच छापत राहिलो. लेख लिहिणारे हळूहळू कमी झाले. सर थकले. दोघे मित्र रस्त्यात भेटत तेव्हा ‘‘काय गुरुजी’’, ‘‘काय सर’’ एवढेच होई आणि दोघे दोन दिशांना जात. एका गावात राहून इतके दूर राहता येते, हे मला ठाऊक नव्हते.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात विमलाबाई गेली. तेजराम सर परसरामकडे जाऊन बसून आले. त्यानंतर काही दिवसांनी दोघे मिळून छापखान्यात आले. परसरामच्या हातात शब्दांचे ते बाड होते. हा अंक आत्याच्या आठवणीत काढायचा, असे ठरले होते. भय्याजींनी मला पुसून दगडी टेबलावर ठेवले. सर म्हणाले, ‘‘थांबा, भय्याजी. या अंकाले हे नाव नको.’’ मग परसरामकडे वळून म्हणाले, ‘‘त्या दिवशी आत्यानं कानात काय सांगतलं होतं? तेच नाव देऊ.’’

‘‘मले ठाऊक नाही,’’ परसराम म्हणाला.

‘‘तू इचारलं नाही? इतक्या वरसात?’’

‘‘नाही.’’ तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, एक सांगतो. बारशानंतर माय रोज पाळीवर जाऊ लागली. बाजाराले बी तेथूनच जाये. मले वाटलं, आपन तिचं दुःख उकरलं, म्हनून जाऊन राहिली. दोन-तीनदा मले म्हने, तेजरामकडे जात काहून नाही? जाय, भांडू नोको. म्या म्हनो, तुह्यासाठीच तं सोडलं म्या ते. ते आयकून उगीच माह्याकडे पाहे. आता वाटते, तिचं मन त्या दिवशी हलकं झालं होतं. अन् म्या... म्या तिले एकडाव बी इचारलं नाही.’’

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एकाने नाव ठेवताना तिला विचारले नाही, दुसऱ्याने तिच्यासाठी म्हणून मैत्री सोडताना विचारले नाही. मधली सगळी वर्षे फुकट गेली होती.

मग परसरामने एक गोष्ट केली. त्याने मला उचलले, माझे ते भोक आपल्या कानाला लावले आणि डोळे मिटले. पिकल्या केसांचा गुरुजी, छापखान्यात सगळ्यांदेखत लाकूड कानाला लावून उभा होता. कुणी हसले नाही. मित्रांनो, मला तोंड असते तर! माझ्या अंगावर जे कोरले, तेवढेच मला बोलता येते. त्याने थोड्या वेळाने मला खाली ठेवले आणि डोळे पुसले.

तो अंक बिननावाचा निघाला. वर माझी जागा कोरीच ठेवली. यंत्र सुरू झाले, कागदामागून कागद गेले आणि मी टेबलावर पडून ते ऐकत होतो. आत परसरामचे शब्द होते आणि त्यांत तुडुमही होते. पुढे अर्थ दिला होता आणि खाली एक ओळ होती, की हा शब्द आमच्या घरात बोलला जात नसे. तोच शेवटचा अंक. पुढे सरही गेले. परसराम लेकाकडे भंडाऱ्याला राहायला गेला. छापखाना बंद झाला, तेव्हा भय्याजींनी मला वाचनालयात आणून दिले.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. कशालाही नाव ठेवा, शाळेला, रस्त्याला, पुस्तकाला, चांगल्या अर्थाचे नाव ठेवा. पण त्या नावात कुणाचे दुःख असेल, तर आधी त्या माणसाच्या दारी जाऊन विचारा. आणि सोसणारा गप्प असेल, तर त्याच्या वतीने मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळे होऊ नका. विचारायला काही लागत नाही. उशीर झाला की मग लाकडाला कान लावावा लागतो.

आणि जमले तर मला या फळीवरून उचलून जरा कोरड्या जागी ठेवा. यंदा छत गळते आहे आणि माझ्या एका कडेला वाळवी लागली आहे. अंगावरची अक्षरे गेली तरी चालतील. त्या नावाचे अंक अजून कुणाकुणाच्या घरी असतील. पण कानातले नाव फक्त माझ्यापाशी आहे, आणि भोकापर्यंत वाळवी यायला आता फार वेळ लागणार नाही. म्हणून ते तुम्हाला सांगून ठेवतो. भंडाऱ्याला कधी गेलात तर परसराम गुरुजींना शोधा आणि त्यांना तेवढे सांगा.

ज्या दिवशी सगळे गाव पाळीवरून हाका मारत होते आणि तिला रीतीमुळे हाक मारता आली नाही, त्या दिवसाची हाक तिने इतकी वर्षे तोंडात धरून ठेवली होती. पाळण्यावर वाकून, श्वास कोंडून, तिने ती माझ्या कानात सोडली.

‘‘धनीराम,’’ ती म्हणाली. ‘‘धनीराम, ये ना वरतं.’’